एका जळलेल्या पत्रापायी रस्ता ओलांडला!

थांबा, हातातलं काम ठेवा बाजूला आणि आधी माझं ऐका! मला जिओकॅशिंग सापडलंय! हो, माहितीये, पंचवीस वर्षं झाली ते सुरू होऊन, जगभर लाखो लोक खेळतात, तुमच्या शेजारचा मुलगाही कदाचित खेळत असेल. पण मला आत्ता कळलं ना! आणि कळल्यापासून मला झोप नाही, आणि मी भेटेल त्याला धरून सांगतेय, आणि आज तुमची पाळी आहे.

लंडनला भाचीकडे आले होते. संग्रहालयं झाली, राजवाडा झाला, नदी झाली. आणि मग ही पोरगी फोन नाचवत म्हणाली, "मावशी, मॅरिलबोनमध्ये एक कोडं आहे. प्रेमाचं. येतेस?"

प्रेमाचं कोडं! आणि मी नाही म्हणू?

खेळ अगदी साधा. कुणीतरी एक डबी लपवतं आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करतं. आपण फोन घेऊन शोधायचं, सापडली की आतल्या कागदावर नाव लिहायचं, आणि डबी होती तिथे, होती तशी ठेवून द्यायची. बस्स! बक्षीस नाही, काही नाही! हे सगळं सुरू कसं झालं ते तर ऐका. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिकन सरकार सामान्य लोकांसाठी जीपीएस मुद्दाम अंधुक ठेवत होतं, शंभरेक मीटरची चूक ठरलेली. १ मेच्या मध्यरात्री ते बंद केलं आणि एका रात्रीत जीपीएस लख्ख झालं! आणि ३ मे रोजी, म्हणजे दोनच दिवसांत, डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने ओरेगनच्या रानात एक बादली लपवली आणि तिचा ठावठिकाणा इंटरनेटवर टाकला. त्या बादलीत घेवड्याच्या दाण्यांचा एक डबासुद्धा होता! घेवडा! सरकारने उपग्रह खुले केले आणि या माणसाला पहिलं काय सुचलं, तर घेवडा लपवायचं! मला तो माणूस फार आवडला.

आता आमचं कोडं. नकाशावर काही ठिकाणी निळं प्रश्नचिन्ह दिसतं. तिथे गेलात तर काहीही मिळत नाही, कारण ती जागा खोटी! खरी जागा तिथून तीनेक किलोमीटरच्या आत कुठेतरी, आणि ती शोधायची तर आधी प्रश्नांची उत्तरं काढायची, उत्तरांचे आकडे करायचे, आणि ते आकडे अक्षांश-रेखांशातल्या रिकाम्या जागी बसवायचे. मला उपग्रहातलं काही कळत नाही, इंग्रजी कवितेतलं तर त्याहून कमी. आणि कोडं होतं दोन इंग्रज कवींचं! एलिझाबेथ बॅरेट आणि रॉबर्ट ब्राउनिंग. नावं ऐकली होती, कॉलेजात. पुढे कोरी पाटी.

पहिला मुक्काम, ५० विंपोल स्ट्रीट. जुनं घर आता नाही, पण पाटी आहे: एलिझाबेथ इथे १८३८ ते १८४६ राहत होती. भाचीने आकडे टिपले आणि मी नुसती वर बघत उभी. कारण इथेच, अशाच कुठल्यातरी वरच्या खोलीत, ही आजारी बाई वर्षानुवर्षं पडून होती, कविता लिहीत होती, आणि खाली तिचे वडील, ज्यांचा हुकूम असा की माझ्या एकाही मुलाने लग्न करायचं नाही. एकानेही! आणि मग जानेवारी १८४५मध्ये, तिच्या कविता वाचून वेडावलेल्या, तिच्याहून सहा वर्षांनी लहान असलेल्या या रॉबर्टचं पत्र येतं, आणि पहिल्याच पत्रात तो सांगून मोकळा होतो की तुमच्या कविता आवडतात आणि तुम्हीही आवडता. अजून बघितलेलंही नाही तिला! आणि मग तिचं उत्तर, आणि मग त्याचं, आणि मग तिचं, एकाच शहरात राहून, वीस महिन्यांत ५७४ पत्रं!

आणि इथे कोड्यातली खोच! प्रश्न होता, "किती पत्रं उरली?" भाची म्हणाली, "५७४. लिही." मी म्हटलं, अगं थांब, किती लिहिली असं नाही विचारलं, किती उरली असं विचारलंय! आणि मग आम्ही दोघी फुटपाथवर उभ्या राहून फोनमध्ये डोकं खुपसून शोधायला लागलो, आणि सापडलं! मे १८४५मध्ये दोघं पहिल्यांदा भेटले, आणि भेटीनंतर रॉबर्टने भान हरपून काहीतरी असं लिहिलं की एलिझाबेथ घाबरलीच. ते पत्र त्याच्याकडे परत गेलं आणि त्याने जाळून टाकलं. तेवढं एकच. म्हणून उरली ५७३!

आता हा ३ कुठे बसतो बघा. उत्तर अक्षांशाच्या मिनिटांत, दशांशचिन्हानंतर दुसऱ्या जागी. तिथे एकाचा फरक म्हणजे जमिनीवर साडेअठरा मीटर. म्हणजे ४ धरला तर रस्त्याच्या एका बाजूला, ३ धरला तर दुसऱ्या! पावणेदोनशे वर्षांपूर्वी एक पत्र जळलं म्हणून आज आम्हाला अख्खा रस्ता ओलांडावा लागणार! ज्याने हे कोडं रचलं त्याच्या घरी जाऊन त्याला जेवायला वाढावंसं वाटलं मला.

ती पत्रं आज अमेरिकेत वेल्सली कॉलेजात आहेत, पाकिटांसकट, आणि २०१२च्या व्हॅलेंटाइन दिनापासून इंटरनेटवर कुणालाही बघता येतात. आणि नुसती पत्रंच नाहीत, विंपोल स्ट्रीटच्या त्या घराचा दरवाजासुद्धा तिथेच! पितळी पत्रफटीसकट! मुली अजून त्या फटीत प्रेमपत्रं टाकतात!

पुढचा प्रश्न पाकिटांवरूनच. रॉबर्ट प्रत्येक भेटीनंतर तिच्या पत्राच्या पाकिटावर नोंद करायचा: वार, तारीख, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आणि भेटीचा क्रमांक. क्रमांक! शेवटची नोंद १२ सप्टेंबर १८४६ची, क्रमांक ९१. आणि ती एक्क्याण्णवावी भेट म्हणजे काय? त्यांचं लग्न!

मी रस्त्यात ओरडलेच.

मग आम्ही चालत निघालो मॅरिलबोनच्या चर्चकडे, म्हणजे तीही त्या सकाळी गेली तिकडेच. दहा मिनिटांची वाट, पण तिला इतकी भोवळ येत होती की मध्ये औषधाच्या दुकानात थांबून हुंगायचं औषध घ्यावं लागलं. चर्चमध्ये साक्षीदार दोन: तिची दासी आणि त्याचा मावसभाऊ. २ लिहून घेतला. आणि मग ती अंगठी काढून ठेवून घरी परत गेली! घरी! वडिलांसमोर आठवडाभर वावरली, जसं काही झालंच नाही! १९ सप्टेंबरला दासीला आणि फ्लश नावाच्या कुत्र्याला घेऊन निसटली, रॉबर्टबरोबर इटलीकडे. कुत्र्याला घेऊन गुपचूप पळायचं! भुंकला असता तर? बारा ते एकोणीस, सात दिवस. ७ लिहून घेतला, हात थरथरत होता माझा.

बेरजा केल्या, आकडे बसवले, आणि फोनवरचा बाण हलला!

जागा सांगणार नाही. विचारूही नका, उत्तर फोडायचं नाही हा नियम आहे. एवढंच सांगते की लोखंडी कुंपण होतं, आणि फोनचा बाण पाच-सात मीटर इकडेतिकडे भरकटत होता, म्हणजे शेवटचं काम बोटांनीच. "मावशी, वाकून नाडी बांधल्यासारखं कर, लोक बघतायत!" मी चपला घातलेल्या, नाडी कुठून आणू! तरी वाकले, आडव्या पट्टीखालून बोट फिरवत गेले, रंगाचे पोपडे, कोळ्याचं जाळं, आणि मग काहीतरी गार, गोल, आणि जरासं हललं!

कुर्त्याच्या बटणाएवढी डबी! लोहचुंबकाने चिकटलेली! झाकण फिरवून उघडलं तर आत कागदाची घट्ट गुंडाळी, बोटभर रुंदसुद्धा नाही, आणि तिच्यावर मुंगीच्या पावलांनी नावं, तारखा, नावं, तारखा. किती लोक इथे असेच वाकले असतील! आम्ही दोघींनी एकाच ओळीत नावं लिहिली, माझं देवनागरीत. त्या गुंडाळीवरचं पहिलं देवनागरी नाव, मी दोन्ही बाजू बघितल्या!

आता ऐका. रात्री मी पुण्या-मुंबईचा नकाशा उघडला, आणि तिथेही डब्या आहेत! आपल्या रोजच्या रस्त्यांवर, आपल्या नाकाखाली! मी लवकरच परत येतेय. रविवारची सकाळ मोकळी ठेवा, पेन तुमचं तुम्ही आणा, आणि कुणी विचारलंच की इथे वाकून काय शोधताय, तर बिनधास्त सांगा, कानातलं पडलंय!