सोन्याचे मांजर

चिक्कडपल्लीच्या बाजारात कोणी ना कोणी गोणपाटातून मांजराची पिले आणून टाकतो. मांजर मारल्यास काशीला सोन्याचे मांजर वाहावे लागते, ही आपली जुनी समजूत. म्हणून मारावयाचे नाही, नुसते सोडावयाचे! उपाशी मरेल अशा स्थितीत जनावर टाकणे हा 1960 च्या कायद्याच्या 11 व्या कलमान्वये गुन्हाच आहे. परंतु पहिल्या खेपेस दंड 10 ते 50 रुपये. वकील असूनही मला सोन्याचाच धाक अधिक वाटतो. आम्ही शेजारी फिर्याद करीत बसत नाही. पिंजऱ्यात मासळी ठेवून माद्या धरतो, शस्त्रक्रिया करवितो, खुणेसाठी कानाचे टोक छाटवून होत्या तेथेच सोडतो. हुसकावल्या तर दुसऱ्या येतात. काल एका शेजारणीने न मागता 500 रुपये दिले.