तुरळचं कुंड आणि जमिनीचा प्रश्न

कोकणात ‘प्रकल्प’ म्हटलं की पहिला प्रश्न, जमीन कुणाची जाणार? एन्रॉनपासून बारसूपर्यंत तेच बघत आलो. मला मात्र संगमेश्वराकडचं तुरळचं गरम पाण्याचं कुंड खुणावतं.

एक बाजू गरम, दुसरी गार असली की काही पदार्थांत वीज तयार होते. झेबेकला याची खूण १८२१ मध्ये सापडली. आता प्लास्टिकात कार्बनच्या नॅनोनळ्या मिसळून तशा पट्ट्या करतात. नळ्यांच्या जाळ्यातून वीज वाहते, मधलं प्लास्टिक उष्णता अडवतं.

गाव उजळणार नाही हो! पाणी ६०, हवा ३० अंश धरली तर आदर्श यंत्रसुद्धा ९ टक्क्यांच्या वर जात नाही; या पट्ट्या त्याहून खूपच खाली. पण पाण्याचं तापमान नोंदणारं छोटं उपकरण चालवून बघायला काय हरकत? इंजिनिअरिंगच्या पोरांनो, प्रोजेक्टला हाच विषय घ्या. यात जमीन कुणाचीच जात नाही.