वेरूळच्या वाटेवर, ज्येष्ठांसोबत

‘‘तुम्ही सगळे जाऊन या, माझ्याने आता होणार नाही.’’ छत्रपती संभाजीनगरात घरी पाहुणे आले आणि वेरूळला जाण्याचा बेत ठरला, की ज्येष्ठांच्या तोंडून हे वाक्य हमखास ऐकू येते. आपण ते ऐकतो, थोडा आग्रह करतो आणि निघून जातो. वाचकहो, पुढच्या वेळी जरा थांबून विचारा. पुष्कळदा त्यांना वेरूळ नकोसे झालेले नसते. नकोशी असते ती गाडीत चढण्या-उतरण्याची यातायात आणि आपल्यामुळे इतरांचा खोळंबा होईल ही भीती. लेणी शहरापासून अवघ्या ३० किलोमीटरांवर आहेत. तेवढे अंतर सुखाने पार करणारे वाहन निवडले, तर नकाराचा होकार होऊ शकतो.

मोठी, उंच गाडी म्हणजे आरामदायी गाडी, असा आपला समज असतो. तो गुडघे दुखणाऱ्या माणसाच्या बाबतीत खरा ठरत नाही. गाडीचे दार उघडून ज्येष्ठांना आसनाशेजारी उभे करावे. आसनाची कड त्यांच्या कमरेच्या किंचित खाली येत असेल, तर पाय न उचलता मागे सरकून बसता येते. ती कमरेच्या वर असेल तर चढावे लागते. गुडघ्याच्या खाली असेल तर बसणे सोपे, पण उठणे कठीण जाते. पुढचे आसन शक्य तितके मागे सरकवून तेथेच त्यांना बसवावे. आधी पाठमोरे होऊन टेकावे, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. उतरताना उघड्या दाराचा आधार घेऊ नये, कारण दार हलते. गाडीच्या चौकटीला धरावे. खुब्याची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर शल्यचिकित्सकांना विचारल्याशिवाय हा बेत करूच नये. आदल्या संध्याकाळी अंगणात दोन वेळा चढण्या-उतरण्याचा सराव करून पाहावा. थोडी हसाहस होईल, परंतु सकाळी सर्वांच्या देखत होणारी कुचंबणा टळेल.

रिक्षाविषयी आपल्या शहराला जिव्हाळा असणे स्वाभाविक आहे. वाळूजला बजाजचा कारखानाच आहे. पाणचक्की किंवा बीबी का मकबऱ्यापर्यंत जाण्यास रिक्षा उत्तम. वेरूळपर्यंत मात्र नको. तिचे मागचे आसन चाकांच्या जवळपास वरच असते आणि प्रत्येक खड्डा थेट मणक्यापर्यंत पोहोचतो. हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांना अशा एखाद्या दणक्यानेही मणक्याला इजा होऊ शकते. एसटीने जायचे असल्यास पुढच्या व मागच्या चाकांच्या मधोमध असलेली जागा धरावी. शेवटच्या रांगेत हिसके सर्वाधिक बसतात.

दौलताबाद मागे पडले की घाट लागतो. पुढे हातकागदासाठी ओळखले जाणारे कागजीपुरा आणि मग खुलताबाद येते. चालकाला आधीच सांगून ठेवावे, की घाई नाही. खुलताबादला गाडी थांबवावी, पण ज्येष्ठांना लगेच उभे करू नये. बराच वेळ बसून एकदम उठल्यास रक्तदाब उतरतो व भोवळ येते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना तर अधिकच. बसल्या जागी घोटे दहा-पंधरा वेळा वर-खाली हलवावेत, पाय बाहेर काढून मिनिटभर थांबावे आणि मग उठावे. वाटेत लघवी लागेल म्हणून पाणी पिणे सोडणे आणि पाण्याची गोळी परस्पर टाळणे, या दोन्ही गोष्टी घातक आहेत. गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना आधी विचारावे.

वेरूळला ३४ लेणी आहेत. ती सगळी पाहण्याचा हट्ट धरू नये. प्रवेशद्वारातून समोर गेले की सोळावे लेणे, म्हणजे कैलास, येते. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातील हे मंदिर शिखराकडून पायथ्याकडे कोरत आणले आहे. वरच्या मंडपात जायला पायऱ्या आहेत, पण अंगणातच इतके काही आहे की वर न गेल्याची रुखरुख लागू नये. पूर्णाकृती हत्ती, उंच स्तंभ, रामायण-महाभारताचे शिल्पपट आणि दक्षिण बाजूला कैलास हलवणारा रावण. घडीचे स्टूल जवळ ठेवावे, आणि रावणासमोर निवांत बसू द्यावे. लेणे पश्चिमाभिमुख असल्याने सकाळी अंगणात सावली असते. चाकांची खुर्ची न्यायची असल्यास मोठ्या चाकांची न्यावी. लहान चाके खडबडीत दगडात अडकतात. उन्हातून अंधाऱ्या लेण्यात शिरताना उंबरठ्याशी थांबावे, कारण वृद्ध डोळ्यांना अंधार सरावायला वेळ लागतो आणि पहिला ठेचा तेथेच लागतो.

तिसाव्या ते चौतिसाव्या जैन लेण्यांचा समूह बराच दूर आहे. तिकडे नेणाऱ्या विजेवरच्या गाड्या त्या दिवशी चालू आहेत का, हे तिकीट खिडकीवर विचारून घ्यावे. गाडीत मागे तोंड करून बसावे लागणारी जागा चक्कर येणाऱ्यांना देऊ नये.

घृष्णेश्वराचे दर्शन घ्यायचे असेल, तर ते सकाळीच उरकावे. दुपारी तापलेल्या फरशीवर अनवाणी चालताना मधुमेही व्यक्तीच्या बधिर तळव्यांना चटका कळत नाही, फोड मात्र येतो. घरी परतल्यावर तळवे स्वतः पाहावेत.

अजिंठा याहून कठीण. फर्दापूरच्या तिठ्यावर गाडी सोडून बसने जावे लागते आणि नंतर पायऱ्यांची चढण आहे. तेथे चार माणसे उचलतात ती डोली मिळते. अनेक ज्येष्ठ संकोचाने ती नाकारतात. त्यांना भरीस घालू नये. दर आधी ठरवावा, बसून पाहू द्यावे आणि निर्णय त्यांच्यावर सोडावा. बेत आखताना वेरूळ मंगळवारी व अजिंठा सोमवारी बंद असते, हे ध्यानात असू द्यावे.