अन्ना मणींचे देणे

एम.एस्सी. झाल्यावर मला प्रकाशकीत संशोधन करायचे होते. जागा मिळाली नाही, आणि घरची परिस्थिती वाट पाहू देणारी नव्हती. म्हणून पवनचक्क्यांसाठी वारा मोजणाऱ्या एका कंपनीत नोकरी धरली. काम साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर. उंच मनोऱ्यावरच्या वायुवेगमापकांचे आकडे उतरवून घ्यायचे, तपासायचे, पुण्याला पाठवायचे. भौतिकशास्त्र म्हणजे सिद्धान्त आणि उपकरणे सांभाळणे म्हणजे मिस्त्रीकाम, अशी माझी तेव्हाची समजूत. त्यात तिथे मी एकटीच बाई. आपण चुकीच्या जागी येऊन पडलो, असे रोज वाटे.

ऑफिसच्या कपाटात भारतातल्या वाऱ्याच्या आकडेवारीचा, १९८३ सालचा एक ग्रंथ होता. त्यावर अन्ना मणी हे नाव मी पहिल्यांदा वाचले. त्यांची माझी भेट कधीच झाली नाही. जे काही घेतले ते त्यांच्या कामातून आणि त्यांच्याविषयी वाचून.

त्रावणकोरातल्या पीरमेडला १९१८ साली त्यांचा जन्म झाला. आठव्या वाढदिवसाला घरच्या रीतीप्रमाणे हिऱ्याच्या कुड्या आल्या, तर या मुलीने त्या नाकारून ज्ञानकोश मागितला. पुढे हिरे त्यांच्या हाती आले ते बंगळूरला, भारतीय विज्ञान संस्थेतल्या सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत. याच संस्थेत प्रवेश मिळावा म्हणून १९३३ साली आपल्या कमला भागवतांना, म्हणजे पुढच्या कमला सोहोनींना, रामन यांच्यापुढे सत्याग्रह करावा लागला होता. १९४० मध्ये अन्ना तिथे गेल्या, तेव्हाही मुलींना मुलांपासून वेगळे ठेवणारी शिस्त कडकच होती. तीसहून अधिक हिऱ्यांचे वर्णपट त्यांनी घेतले. एकेका छायापटासाठी पंधरा-वीस तास लागत, म्हणून त्या प्रयोगशाळेतच झोपत. एकटीच्या नावावर पाच शोधनिबंध झाले. १९४५ साली त्यांनी मद्रास विद्यापीठाला प्रबंध सादर केला. एम.एस्सी.ची पदवी नाही, या कारणासाठी विद्यापीठाने डॉक्टरेट नाकारली.

मग शिष्यवृत्तीवर त्या लंडनला गेल्या. इच्छा भौतिकशास्त्राची, पण जागा उपलब्ध होती ती हवामानाच्या उपकरणांची. त्यांनी ती घेतली, आणि पुढचे सगळे आयुष्य त्याच कामाला दिले. माझा आणि त्यांचा वकूब एका दमात सांगण्यासारखा नाही, हे मला कळते. तरीही वाट्याला आलेले काम दुय्यम मानायचे नसते, हे मला इथेच उमगले.

१९४८ मध्ये त्या पुण्याला हवामान खात्यात रुजू झाल्या. खात्याच्या तिथल्या इमारतीला पुण्यात शिमला ऑफिस म्हणतात; तिच्या थांब्यावरून मी कॉलेजात असताना रोज ये-जा करत होते, आणि तिथे कोणी काय उभे केले याचा मला पत्ता नव्हता. स्वातंत्र्यापूर्वी आपली बरीचशी उपकरणे ब्रिटनहून येत. ती इथेच घडावीत म्हणून अन्ना मणींनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले. विभागात १२१ पुरुष, आणि प्रमुख या. सूर्याची ऊर्जा मोजणारी केंद्रे त्यांनी १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात देशभर उभारली. फुग्यासोबत वर जाऊन ओझोन मोजणारे भारतीय उपकरण त्यांनी साठच्या दशकात सिद्ध केले. अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या विवराची वार्ता जगाला १९८५ मध्ये कळली, हे लक्षात घेतले की त्या कामाची दूरदृष्टी जाणवते. १९७६ मध्ये उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्यावरही त्या थांबल्या नाहीत. भारतातल्या सौर प्रारणाची हस्तपुस्तिका १९८० मध्ये आली, आणि वाऱ्यासाठी सातशेहून अधिक ठिकाणी मोजणी झाली.

चुकीचे मोजमाप हे मोजमापच नसण्यापेक्षा वाईट, असे त्या मानत. वाऱ्याच्या बाबतीत हे फारच खरे आहे. वाऱ्यातली ऊर्जा त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. म्हणजे वेग दहा टक्के जास्त नोंदला गेला, तर ऊर्जेचा अंदाज तेहतीस टक्क्यांनी फुगतो. त्या अंदाजावर कर्जे काढली जातात, जमिनी घेतल्या जातात. एका ठिकाणी आमच्या मापकाचे बेअरिंग झिजले आणि आकडे कमी येऊ लागले. शेजारच्या मनोऱ्यावरून अंदाजाने ते वाढवून घ्यावेत, असा वरून आग्रह झाला. मी तो काळ अहवालातून वगळला आणि कारण लिहून सही केली. ते धाडस माझ्या स्वभावातले नव्हे. त्या ग्रंथामागची शिस्त डोळ्यांसमोर नसती, तर मी मान डोलावली असती.

पुढे माझ्याकडे मनोऱ्यांची सगळी तुकडी आली. मुले मनापासून ऐकत, तरी सुरुवातीला मला भीती वाटे. तेव्हा अन्ना मणींनी पुण्यात १२१ पुरुषांचा विभाग सांभाळला होता, या आठवणीचा मोठा आधार वाटला.

आपल्या बाई असण्याने आपल्या कामात काही फरक पडला नाही, असे अन्ना मणी ठामपणे सांगत. त्यांना कोणाची दया नको होती, आणि त्यांच्या शब्दाला मी मान देते. पण हिऱ्यांवरचा तो प्रबंध बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात आहे, आणि त्यावरची पदवी त्यांना २००१ मध्ये जाईपर्यंत मिळाली नाही. त्यांनी तक्रार केली नाही. मी करते. ती पदवी त्यांचीच होती.