काळपट भुकटीचा मोह

नायोबियम मला आवडू लागलं ते त्याच्या रंगामुळे. त्याचं साधं ऑक्साइड पांढरंशुभ्र असतं. ते फक्त अतिनील प्रकाश शोषतं, आणि जमिनीवर पोचणाऱ्या सूर्यप्रकाशात अतिनीलचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के. पण नायोबियमला बेरियमची जोड दिली आणि ऑक्सिजनच्या काही जागी नायट्रोजन बसवला, की जे ऑक्सिनायट्राइड मिळतं ते सुमारे 740 नॅनोमीटरपर्यंतचा, म्हणजे जवळजवळ सगळाच दृश्य प्रकाश गिळतं. सूर्यप्रकाशाने पाणी फोडून हायड्रोजन हे इंधन मिळवायचं, तर दर इलेक्ट्रॉनमागे किमान 1.23 इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. 740 नॅनोमीटरच्या फोटॉनपाशी जवळपास 1.7 असतात. हिशेब जुळतो. शिवाय टँटलम या भावंडापेक्षा नायोबियम मुबलक. ब्राझीलमध्ये ते पोलादात घालण्यासाठी मोठ्या प्रमाणावर काढतात. अजून काय हवं? बँड गॅप, म्हणजे पदार्थ शोषू शकतो त्या फोटॉनची किमान ऊर्जा, कमी करा, सूर्यापासून इंधन मिळालंच, असं मी वर्गात बिनदिक्कत सांगत असे. बाकी सगळं मला तपशिलातलं वाटायचं.

आज मी तसं सांगत नाही.

माझं मत फिरवलं ते एका पांढऱ्या भुकटीने. 2020 मध्ये जपानमधल्या काझुनारी डोमेन यांच्या गटाने ॲल्युमिनियम मिसळलेल्या स्ट्रॉन्शियम टायटनेटचे निष्कर्ष ‘नेचर’मध्ये मांडले. 350 ते 360 नॅनोमीटरच्या प्रकाशात पडलेल्या फोटॉनपैकी 96 टक्क्यांपर्यंत फोटॉन पाणी फोडण्याच्या कामी आले होते. हा पदार्थ जुनाच, बँड गॅपही तोच, अतिनीलपुरता. बदलली होती ती स्फटिकाची तब्येत. ॲल्युमिनियममुळे टायटॅनियमचे दोष कमी झाले. स्फटिक असे वाढवले की इलेक्ट्रॉन एका प्रकारच्या पैलूकडे जावेत आणि त्यांच्यामागे उरलेले धनभारी होल दुसऱ्या प्रकारच्या पैलूकडे. मग एकीकडे रोडियम-क्रोमियमचा आणि दुसरीकडे कोबाल्टचा सह-उत्प्रेरक बसवला. इलेक्ट्रॉन आणि होल यांची वाटेत गाठच पडत नाही, त्यामुळे ऊर्जा उष्णतेत वाया जात नाही.

ते वाचून मी माझ्या लाडक्या काळपट भुकटीकडे परत वळलो. ऑक्सिनायट्राइड करायचं तर कच्चा माल अमोनियाच्या प्रवाहात 900 अंश सेल्सियसच्या आसपास तासन्‌तास तापवतात. त्या उष्णतेत अमोनियाचं विघटन होऊन हायड्रोजन सुटतो, आणि आतलं वातावरणच क्षपणकारी, म्हणजे धातूवर इलेक्ट्रॉन लादणारं, होतं. टँटलम तिथे बऱ्यापैकी टिकून राहतं. नायोबियमची पाच धनभारांची अवस्था मात्र सहज चारवर घसरते. ही घसरलेली केंद्रं म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होल यांना एकमेकांत विझवून टाकणारे सापळे. त्यांची खूण शोषणाच्या आलेखात दिसते: 740 नॅनोमीटरपुढे रेघ खाली तळाला टेकायला हवी, ती वरच तरंगत राहते. म्हणजे ज्या गडद रंगावर मी भाळलो होतो, त्यातला काही भाग निव्वळ दोषांचाच होता! माझं धोरण म्हणजे गळक्या रांजणाचं भोक बुजवायचं सोडून वरची धार मोठी करत राहणं.

दुसरं दुखणंही रंगाच्या नादात मी हलकं मानलं होतं. होलनी पाण्यातला ऑक्सिजन सोडवायचा असतो. कधीकधी ते भुकटीतल्या नायट्रोजनवरच हात मारतात, आणि वायूच्या विश्लेषणात सुरुवातीला नायट्रोजनचं शिखर उमटतं. उत्प्रेरक स्वतःलाच खात असल्याची ती पावती. मिथेनॉल किंवा सिल्व्हर नायट्रेट घालून मोजलेले आकडे मी पूर्वी कौतुकाने दाखवत असे. आता सांगतो, ही अर्धीच परीक्षा आहे, कारण तिथे पाण्याच्या विघटनाची एक बाजू त्या रसायनाने आपल्या अंगावर घेतलेली असते.

गंमत अशी की, इलेक्ट्रॉन आणि होल यांना वेगळ्या वाटेने न्यायचा धडा नायोबियमनेच कधीचा दिला होता. 1986 मध्ये याच डोमेन आणि सहकाऱ्यांनी पोटॅशियम नायोबेटचा एक थरदार प्रकार घेऊन, निकेलच्या साहाय्याने अतिनील प्रकाशात पाणी फोडलं होतं. थरांमधल्या फटी दोन प्रकारच्या, आणि हायड्रोजन व ऑक्सिजन वेगवेगळ्या फटींत तयार होतात, असं त्यांचं चित्र होतं. ते पांढरं होतं म्हणून मी ते इतिहासाच्या कप्प्यात टाकलं.

याचा अर्थ मी पांढऱ्या भुकटीच्या पक्षात गेलो असा नाही. तिच्यावर बांधलेल्या 100 चौरस मीटरच्या उघड्यावरच्या पॅनेलची 2021 मध्ये छापून आलेली कमाल कार्यक्षमता 0.76 टक्का होती. अतिनीलच्या कुंपणात राहून यापुढे फार जाता येणार नाही. प्रत्येक फोटॉन कामी आला तरी दोन टक्क्यांच्या आतच खेळ संपतो. छपरावरचा सौर पॅनेल आणि त्याला जोडलेला विद्युत-अपघटक हे काम आजच कितीतरी पटीने अधिक करतात, आणि ही तुलना टाळणाऱ्या लेखांवर माझा विश्वास बसत नाही. दृश्य प्रकाशात उतरायचं तर नायोबियमसारख्यांच्या गडद भुकट्यांकडे यावंच लागेल. पण आता कोणी नवी काळपट भुकटी दाखवली, तर मी बँड गॅप नंतर विचारतो. आधी 740 नॅनोमीटरपुढचा आलेख मागतो, आणि अमोनियात ती किती तास ठेवली होती ते विचारतो.