टायर कुणासाठी?

टायरच्या खाचांमध्ये बारीक उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की खाच फक्त १.६ मिलिमीटर उरते. म्हणजे टायर बदलायला हवेत. माझ्या एसयूव्हीचे टायर तिथवर आले होते.

साइज २०५/५५ आर १७. रुंदी २०५ मिलिमीटर आणि साइडवॉलची उंची तिच्या ५५ टक्के, म्हणजे साधारण ११३ मिलिमीटर. पुण्यातले खड्डे आणि माझी रिम यांच्यामध्ये एवढीच उशी!

दुकानात दोन प्रकार होते. कडक साइडवॉलचा टायर स्टिअरिंग फिरवताच वळतो. मऊ टायर आधी स्वतः थोडा वाकतो, मग गाडीला वळवतो. ताम्हिणी घाटात हे वाकणं खटकतं, पण खड्ड्यात तेच धक्का गिळतं. गुण एकच, रस्ता बदलला की त्याचा दोष होतो.

ताम्हिणीला मी वर्षातून चारदा जातो. मणक्याचं दुखणं असलेली आई मात्र आठवड्यातून तीनदा मागच्या सीटवर असते. मी मऊ घेतले. ओल्या रस्त्यावरची पकड रबराच्या मिश्रणावर आणि खाचांच्या नक्षीवरही ठरते, त्यामुळे पावसात चांगले थांबणारेच निवडले. साइडवॉलवरचा चार आकडी कोडही वाचला. २३२५ म्हणजे २०२५ चा २३वा आठवडा. जुना माल नको.

आता वळणावर गाडी किंचित उशिरा ऐकते. मागून येणारं ‘आई गं!’ मात्र कमी झालंय.