पुढे ओढलेली बाकी

घरावरचे कर्ज मुदतीआधी फेडण्याचा निश्चय केलेल्या कुटुंबात सणाचा हिशोब दोन ठिकाणी मांडला जातो. एक स्वयंपाकघरात, दुसरा दुकानाच्या गादीवर. बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यात दिंद्रुड येथे कापड-किराण्याचे दुकान चालविणाऱ्या एका जैन कुटुंबात गेली आठ वर्षे हेच चालले आहे. कुटुंबाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. मराठवाड्यातील बाजाराच्या गावांतून अशी घरे पुष्कळ आहेत.

२०१७ साली त्यांनी जुने माळवदाचे घर उतरवून पक्के घर बांधले. त्यासाठी बँकेकडून १५ वर्षांच्या मुदतीने १२ लाख रुपये घेतले. नऊ टक्के व्याजाने महिन्याचा हप्ता १२,१७१ रुपये आला. पहिल्या हप्त्यातील ९,००० रुपये व्याजातच गेले, मुद्दलातून उतरले ते अवघे ३,१७१. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर बँकेचा बोजा चढला, आणि नव्या घराच्या चौकटीला तोरण बांधतानाही मातोश्रींच्या मनातून तो शब्द गेला नाही.

सूनबाई वाणिज्य शाखेच्या पदवीधर. त्यांनी एका दुपारी कागद-पेन्सिल घेऊन मांडणी केली. पहिल्या वर्षाच्या अखेरीस ६०,००० रुपये एकरकमी मुद्दलात भरले, तर शेवटचे सुमारे सोळा हप्ते नाहीसे होतात. दरवर्षी तेवढेच भरत गेले, तर पंधरा वर्षांचे कर्ज नवव्या वर्षातच संपते. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१२ मध्येच मनाई केलेली असल्यामुळे तीही अडचण नव्हती. दिवाळी झाली की साठ हजार भरायचे, असे ठरले.

ते साठ हजार घरातूनच काढायचे होते. फटाके या घरात पूर्वीही कधी येत नसत. जीवहिंसा नको म्हणून. तेव्हा त्या बचतीचे श्रेय कर्जफेडीला देता येणार नाही. पण विकतची मिठाई बंद झाली. करंज्या, शंकरपाळे, मूगडाळीच्या कचोऱ्या, कांदा-लसणाशिवायचा चिवडा हे सारे दिवस मावळण्यापूर्वी, शेजारच्या दोघी-तिघींच्या मदतीने घरीच होऊ लागले, आणि खरे सांगायचे तर घराला त्यामुळे अधिकच सण चढला. दोन्ही मुलांना दुकानातल्या उरलेल्या एकाच ठाणातून कपडे शिवले जात. अमावास्येच्या पहाटे निर्वाण लाडू चढवायला भावंडे निघाली की एखाद्या बँडपथकासारखी दिसत. ती स्वतःच त्यावर हसत. मुलांचे असे निभावून गेले.

भाऊबिजेचे निभावले नाही. दुसऱ्या वर्षी बहिणींच्या ओवाळणीची रक्कम निम्म्यावर आली. तिसऱ्या वर्षी धाकटी बहीण आलीच नाही. शेतीची कामे आहेत, असा निरोप आला. मातोश्रींना कारण वेगळे वाटले, पण त्या बोलल्या नाहीत. चौथ्या वर्षी सूनबाईंनी आपणहून ओवाळणी पूर्ववत केली आणि तेवढी रक्कम साठ हजारांतून वजा केली. बँकेच्या खात्यात याची नोंद नाही. धाकटी मात्र त्या वर्षी दोन दिवस जास्त राहिली.

मधल्या काळात हिशोबही सरळ चालला नाही. कोरोनाच्या वर्षी एकरकमी भरणा चुकला. पुढे मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या अवधीत रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. हप्ता तोच राहिला, मुदत लांबली आणि आधीच्या भरण्यांचा बराच लाभ त्यात विरला.

दिवाळीच्या आधीच दुकानाचा गल्ला का भरतो, हे या भागाबाहेरच्या वाचकांना सांगावे लागेल. बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. तेलगावचा साखर कारखाना दिंद्रुडच्या जवळ असला तरी कित्येकांचा रस्ता पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामापूर्वी मुकादम त्या कोयत्याला उचल देतो. पुढचे पाच-सहा महिने ऊस तोडून ती फेडायची. त्या पैशातून पोरांचे कपडे, ताडपत्री, घोंगडी, तेल-मीठ खरेदी होते आणि दुकानदाराची मागची उधारीही चुकती होते. मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, शेळ्या आणि लेकरे चढतात. म्हणजे या घराचे कर्ज लवकर उतरत होते, त्यातला मोठा वाटा दुसऱ्याने अंगावर घेतलेल्या कर्जातून येत होता. यात लबाडी काही नाही. माल दिला, त्याचा पैसा घेतला. तरीही अपरिग्रहाचा विचार लहानपणापासून ऐकणाऱ्या माणसाला ही गोष्ट एकदा दिसली की डोळ्याआड करता येत नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. सोयाबीन पाण्यात गेले, कापूस वाया गेला. दिवाळी आली तेव्हा कर्जाची बाकी सव्वादोन लाखांच्या आसपास होती. हाताशी पंचावन्न हजार होते आणि उधारीच्या वहीत एक लाख सत्तर हजार. बेरीज बरोबर जुळत होती.

"आई, ही उधारी आली तर यंदाच उतारा कोरा होतो," चिरंजीव म्हणाले.

"आणि त्यांचा? उचल इथे ठेवून गेले तर फडावर काय खातील?"

"दरवर्षी देतातच की."

"दरवर्षी घरात सोयाबीन असते, बाळ."

चिरंजीव उठून दुकानात गेले. त्यांचा राग अगदीच अनाठायी नव्हता. आठ वर्षे नवी मोटारसायकल न घेतलेला तो माणूस. बोजा कसा उतरवतात याची चौकशी ग्रामसेवकाकडे करूनही आला होता. कर्ज फिटल्यावर मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत करण्याचे बंधन १ डिसेंबर २०२३ पासून बँकांवर आहे आणि विलंब झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते, हे त्यांना पाठ होते.

रात्री सूनबाईंनी वही उघडून नावांच्या दोन याद्या केल्या. शिक्षक, पगारदार, पाण्याखालची शेती नसलेले, यांच्याकडे चाळीस हजार निघत होते, ते मागायचे. उरलेले एक लाख तीस हजार कोयत्यांचे आणि शेत बुडालेल्यांचे. ते थांबवले तर हप्ता चालू ठेवून कर्ज आणखी साधारण अकरा महिने चालेल आणि सहा हजारांच्या वर व्याज जादा जाईल, असे त्यांनी सासूबाईंना सांगितले.

"मग ते सहा हजार माझ्या कुंथलगिरीच्या यात्रेतून वजा कर," मातोश्री म्हणाल्या. देशभूषण-कुलभूषण मुनींच्या त्या सिद्धक्षेत्री नातवंडांना घेऊन जाण्याचे त्यांनी दोन वर्षांपासून योजले होते.

चिरंजीवांनी होकार दिला नाही आणि नकारही. मागायला मात्र ते पहिल्याच यादीकडे गेले. बँकेत पंचाण्णव हजार भरले गेले.

संध्याकाळी गौतम गणधरांच्या केवलज्ञानाचे स्मरण झाले, दिवे लागले, चौरंगावर नवी वही ठेवली गेली. पहिल्या पानावर वीर निर्वाण संवत २५५२ लिहून झाले. मग चिरंजीवांनी जुनी वही मांडीवर घेतली आणि दुसऱ्या यादीतील नावे एकेक करून नव्या वहीत उतरवू लागले. मुलगी शेजारी बसून आकडे मोठ्याने वाचत होती. एका नावापाशी ती अडखळली; त्या घरातली मुलगी तिच्याच वर्गात होती आणि दोन दिवसांपूर्वी आईबापांबरोबर ट्रॉलीतून गेली होती. चिरंजीवांनी तिच्याकडे पाहिले, तो आकडा स्वतः वाचला आणि बाकी पुढे ओढली.